गिऱ्हाइकांची पक्षनिष्ठा : संगणक आणि फोनच्या कंपन्यांवरील वादांचा इतिहास

घरगुती यंत्रांच्या कंपन्यांवरून गिऱ्हाइकांनी आपसांत भांडावे, ही रीत साधारण पन्नास वर्षांची आहे. मोटारी, कॅमेरे, रेडिओ यांच्याबाबत त्याआधीही लोकांच्या आवडीनिवडी होत्या. पण शेजाऱ्याने दुसऱ्या कंपनीचा रेडिओ घेतला म्हणून आपला रेडिओ कुचकामी ठरत नसे. दोन्हींवर तीच केंद्रे लागत. १९७० च्या दशकात घरात शिरलेले व्हिडिओ रेकॉर्डर आणि संगणक मात्र निराळे होते. ते किती कामाचे, हे ते किती जणांनी घेतले यावर ठरे. ज्या यंत्राला गिऱ्हाईक कमी, त्याच्यासाठी कॅसेटी निघत नसत, प्रोग्रॅम लिहिले जात नसत आणि कंपनी बुडाली की सुटे भागही मिळेनासे होत. पैसे मोजून वस्तू घरी आणली तरी गिऱ्हाइकाचा कंपनीशी संबंध सुटत नसे. इतरांनीही तीच वस्तू घ्यावी, यात त्याचे हित गुंतलेले राही. कंपन्यांचा कैवार घेऊन गिऱ्हाइके हमरीतुमरीवर येऊ लागली, त्याचे मूळ या हितसंबंधात आहे. अभिमान, जाहिराती आणि इंटरनेट यांची भर त्यात पुढे पडत गेली.

कॅसेटींची लढाई

सोनीने १९७५ साली बीटामॅक्स ही चित्रफितीची पद्धत जपानमध्ये बाजारात आणली. पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस आणली. फीत दोन्हींत अर्धा इंच रुंदीचीच होती, पण डब्यांचे आकार वेगळे असल्याने एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात जात नसे. बीटामॅक्सच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एक तासाचे चित्रण मावे, व्हीएचएसवर दोन तासांचे. म्हणजे चित्रपट रेकॉर्ड करायचा तर बीटामॅक्सवाल्याला मध्येच उठून कॅसेट बदलावी लागे.

बीटामॅक्सवाले चित्राच्या सुबकपणाचा हवाला देत. व्हीएचएसवाले वेळेचा, किमतीचा आणि भाड्याने मिळणाऱ्या चित्रपटांचा. सोनीने फीत लांबवून वेळ वाढवला, तसा जेव्हीसीच्या गोटातल्या कंपन्यांनीही वाढवला. निकाल मात्र यंत्राच्या गुणांवर लागला नाही. जेव्हीसीने आपली पद्धत अनेक कारखानदारांना वापरू दिली, त्यामुळे व्हीएचएस यंत्रे अधिक आणि स्वस्त झाली. यंत्रे वाढली तशा भाड्याच्या कॅसेटी वाढल्या आणि कॅसेटी वाढल्या तशी यंत्रे आणखी खपली. १९८८ साली सोनीनेही व्हीएचएस यंत्रे बनवायला घेतली. बीटामॅक्स रेकॉर्डरचे उत्पादन २००२ साली थांबले, कोऱ्या कॅसेटींचे २०१६ साली. बीटामॅक्स सरस असूनही हरले, हा दावा पुढच्या प्रत्येक वादात हरणाऱ्या बाजूने आपल्या समर्थनासाठी वापरला. विरोधकांचे उत्तरही ठरलेले असे : एका कॅसेटवर अख्खा चित्रपट न मावणाऱ्या यंत्राला सरस म्हणायचे कशाच्या जोरावर?

छंदिष्टांची मंडळे आणि शाळेची मैदाने

संगणकावरचे वाद सुरू झाले ते छंदिष्टांमध्ये. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हा घरी जोडायचा संगणक झळकला. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये काही हौशी लोक जमले आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ स्थापन झाला. इथे आराखडे खुले वाटले जात, प्रोग्रॅमच्या प्रती हातोहात फिरत. मायक्रोसॉफ्टच्या बेसिक भाषेची भोके पाडलेली कागदी पट्टीही अशीच फिरली. त्यावर फेब्रुवारी १९७६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी छंदिष्टांना उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. अल्टेअर घेतलेल्यांपैकी दहा टक्क्यांनीही बेसिक विकत घेतलेली नाही, उरलेल्यांनी ती चोरली आहे, असा त्यांचा आरोप होता. मंडळांच्या वार्तापत्रांतून त्याला उत्तरे आली आणि काही तिखट होती. कंपनी आणि तिची गिऱ्हाइके यांच्यातला हा या क्षेत्रातला पहिला गाजलेला जाहीर वाद. प्रोग्रॅमला पैसे का मोजायचे, हा त्यातला प्रश्न अजून मिटलेला नाही.

१९७७ साली ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तयार संगणक दुकानांत आले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला, तेव्हा ॲपलने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन आयबीएमचे स्वागत केले. त्या स्वागताआड आव्हान होते आणि आपण बलाढ्य आयबीएमच्या विरोधातले, ही प्रतिमा ॲपलने तेव्हापासून जपली.

ब्रिटनमध्ये हा वाद शाळकरी मुलांनी डोक्यावर घेतला. १९८२ साली सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १२५ पौंडांपासून मिळू लागला. त्याच वर्षी अमेरिकेत आलेला कमोडोर ६४ ब्रिटनमध्येही पोहोचला. तो बराच महाग होता. दोघांची चित्रे पाहताच ओळखू येत. स्पेक्ट्रमचा पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत विभागलेला असे आणि एका चौकोनात दोनच रंग दाखवता येत. खेळातला निळा शिपाई हिरव्या झाडासमोरून गेला की झाडाचा तुकडा निळा पडे, नाहीतर शिपाई हिरवा. कमोडोरमध्ये हलत्या आकृत्यांसाठी वेगळी सोय होती आणि त्याची ध्वनिचिप एकाच वेळी तीन स्वर वाजवे. स्पेक्ट्रमवाले यावर किंमत आणि खेळांची संख्या पुढे करत. एका घरात एकच संगणक येई आणि तो वडिलांनी घेतलेला असे. मुलाला निवड बदलता येत नसे, तिचे समर्थन मात्र करता येई. शिवाय ज्या यंत्राचे सोबती जास्त, त्याच्या खेळांची अदलाबदल सोपी. लडलो या गावच्या न्यूजफील्ड प्रकाशनाने स्पेक्ट्रमसाठी ‘क्रॅश’ आणि कमोडोरसाठी ‘झॅप ६४’ अशी दोन मासिके काढली. दोन्ही तटांच्या वाचकांचे पैसे एकाच गल्ल्यात जमत होते. १९८६ साली सिंक्लेअरने आपला संगणक-व्यवसाय ॲमस्ट्रॅडला विकला. कमोडोरचे दिवाळे १९९४ साली वाजले. तोवर या दोघांवरून भांडणारी मुले मोठी होऊन दुसऱ्या वादांना लागली होती.

मॅकिंटॉश आणि कंपनीपुरस्कृत निष्ठा

गिऱ्हाइकांची निष्ठा हे विक्रीचे साधन म्हणून पद्धतशीरपणे वापरायला सुरुवात केली ॲपलने. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश जाहीर झाला. त्याच्या दोन दिवस आधी अमेरिकेतल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेली जाहिरात दाखवली गेली. पडद्यावरच्या हुकूमशहापुढे निमूट बसलेले लोक आणि हातोडा फेकून तो पडदा फोडणारी स्त्री, असे तिचे कथानक होते. संगणक घेणे ही बंडखोरी आहे, असे ती सुचवत होती.

मॅकिंटॉशची अडचण जाहिरातीत दिसत नव्हती. किंमत २,४९५ डॉलर, स्मृती अवघी १२८ किलोबाइट आणि प्रोग्रॅम बोटांवर मोजण्याइतके. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपन्यांचे मन वळवायला ॲपलने ‘इव्हँजेलिस्ट’, म्हणजे धर्मप्रचारक, असा हुद्दाच निर्माण केला. त्यावर काम केलेल्यांपैकी गाय कावासाकी सर्वाधिक गाजले. अजून फारसा न खपलेल्या यंत्रासाठी मेहनत घ्यायला लोकांना राजी करायचे तर हिशेबापेक्षा श्रद्धेलाच हात घालावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यात ॲपल गाळात गेली, तेव्हा कावासाकी कंपनीत परतले. ‘इव्हँजेलिस्ट’ याच नावाच्या ईमेल यादीतून ते मॅकविषयीच्या चांगल्या बातम्या वापरकर्त्यांना पुरवत राहिले. प्रतिकूल लिहिणाऱ्या पत्रकारांच्या टपालपेटीत मॅकवाल्यांची पत्रे येऊन पडत, ती याच काळात.

दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टचे बळ वाढत होते. विंडोजने मॅकच्या पडद्याची नक्कल केली, असा दावा ॲपलने मार्च १९८८ मध्ये न्यायालयात लावला. १९९२ च्या सुमारास त्यातले बहुतेक मुद्दे फेटाळले गेले आणि १९९४ साली अपील न्यायालयानेही ॲपलच्या विरोधात निकाल दिला. कोर्टातली लढाई संपली तरी नकलेचा आरोप वापरकर्त्यांच्या तोंडी कायम राहिला. मॅक आणि मायक्रोसॉफ्टची डॉस प्रणाली यांचे वैर इतके परिचित झाले होते, की इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी १९९४ साली एका सदरात मॅकला कॅथलिक आणि डॉसला प्रोटेस्टंट ठरवून त्यावर विनोदी मल्लिनाथी केली.

यूजनेटवरचा आखाडा

दूरवरच्या अनोळखी माणसांशी रोज वाद घालण्याची सोय यूजनेटने केली. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९७९ साली त्याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ते चालू झाले. एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्याला फोन लावी आणि साठलेले संदेश त्याच्या हवाली करी. उत्तर यायला तास, कधी दिवस लागत. तरीही वाद महिनोन्‌महिने चालत.

अशा वादांचे निदान फार लवकर झाले होते. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० रोजी एक टिपण लिहिले. संगणकात संख्येचा मोठा भाग आधी ठेवावा की लहान, यावरून तेव्हा अभियंत्यांत दोन तट पडले होते. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्या गलिव्हरच्या गोष्टीतल्या लोकांची नावे कोहेनने या तटांना दिली. कोणताही क्रम चालेल, सर्वांनी एकच पाळणे महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे होते. यंत्रे एकमेकांशी बोलणार असतील तर निवडीपेक्षा एकवाक्यता मोलाची, हा त्याचा मुद्दा नंतरच्या बहुतेक वादांना लागू पडतो.

यूजनेटच्या गटांची १९८६-८७ मध्ये फेररचना झाली आणि संगणकाचे विषय एका शाखेत आले. अमिगा, मॅक, ओएस/२, लिनक्स अशा प्रत्येकाचे तांत्रिक गट होते. ‘माझा प्रिंटर चालत नाही’ अशी साधी अडचण कोणी विचारली तरी ‘ते यंत्रच टाकून दे’ असे उत्तर येई आणि शंभर संदेशांची रांग लागे. यावर तोडगा म्हणून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘ॲडव्होकसी’ या नावाचे वेगळे गट काढण्यात आले. ज्यांना बाजू मांडायची असेल त्यांनी तिथे जाऊन भांडावे आणि तांत्रिक गट मोकळे ठेवावेत, असा हा सरळ बंदोबस्त होता. भांडणे त्याने थांबली नाहीत, पण त्यांना हक्काची जागा मिळाली. वाद लांबला की कोणीतरी प्रतिपक्षाची तुलना नाझींशी करतोच, हे माइक गॉडविन यांचे प्रसिद्ध निरीक्षणही १९९० सालचे आणि यूजनेटवरचेच.

१९९७ साली सुरू झालेल्या ‘स्लॅशडॉट’ या संकेतस्थळाने वादाला शिस्त लावण्याचा निराळा प्रयोग केला. वाचकांपैकीच काहींना आळीपाळीने गुण देण्याचा अधिकार मिळे. प्रत्येक अभिप्रायाला उणे एक ते पाच या मर्यादेत गुण पडत आणि कमी गुणांचे अभिप्राय दृष्टीआड करता येत. त्यामुळे शिवराळपणाला काहीसा आळा बसला. मायक्रोसॉफ्टच्या बातम्यांवर बिल गेट्स यांचे यंत्रमानवी रूपातले चित्र छापणाऱ्या त्या स्थळाचा कल मात्र गुणपद्धतीने बदलला नाही. मतदारच एका बाजूचे होते.

६ ऑगस्ट १९९७

पक्षनिष्ठा आणि कंपनीचा व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बॉस्टनमधल्या ‘मॅकवर्ल्ड’ मेळाव्यात एका सकाळी उघडे पडले. ॲपलला १९९६ च्या आर्थिक वर्षात ८१६ दशलक्ष डॉलरचा तोटा झाला होता आणि १९९७ चा तोटा शंभर कोटी डॉलरच्या पुढे चालला होता. कंपनीत नुकतेच परतलेले तिचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी व्यासपीठावरून मायक्रोसॉफ्टशी झालेला करार जाहीर केला. मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५० दशलक्ष डॉलर गुंतवणार होती, पाच वर्षे मॅकसाठी ऑफिस काढणार होती. बदल्यात तिचा इंटरनेट एक्स्प्लोरर मॅकवर मूळचा ब्राउझर म्हणून येणार होता आणि पेटंटचे तंटे मिटणार होते. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर गेट्स यांचा चेहरा उमटताच सभागृहातून हुर्यो उठली. ॲपलने जिंकायचे तर मायक्रोसॉफ्टने हरलेच पाहिजे ही समजूत सोडा, अशा अर्थाचे जॉब्स बोलले. तेरा वर्षे कंपनीने ज्या शत्रुत्वावर गिऱ्हाईक पोसले, ते तिने गरजेपोटी एका सकाळी बाजूला ठेवले. गिऱ्हाइकांना ते इतक्या झटपट जमण्यासारखे नव्हते.

निष्ठेची कारणे

अभ्यासकांनी या वागणुकीची तीन कारणे दाखवली आहेत. पहिले अर्थशास्त्रीय. मायकेल कॅट्झ आणि कार्ल शपिरो यांनी १९८५ साली दाखवून दिले, की ज्या वस्तूची उपयुक्तता वापरणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते तिच्या बाजारात इतर लोक काय घेतील याविषयीच्या अपेक्षा निर्णायक ठरतात. ‘ही कंपनी बुडणार’ असे सर्वांना वाटू लागले की ती खरोखर बुडू शकते. त्यामुळे अशी आवई उठवणाऱ्याला गप्प करणे गिऱ्हाइकाच्या हिताचे असते.

दुसरे कारण मानसशास्त्रीय आहे. जॅक ब्रेम यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्त्रियांना टोस्टर, कॉफीचे भांडे अशा घरगुती वस्तूंना गुण द्यायला सांगितले. मग दोन वस्तूंपैकी एक निवडून भेट म्हणून घ्यायला सांगितले आणि पुन्हा गुण मागितले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, नाकारलेलीचे घटले. निवड झाल्यावर माणूस तिचा वकील होतो, हे तेव्हापासून अनेक प्रयोगांत दिसले आहे. तिसरे कारण सामाजिक. अल्बर्ट म्युनिझ आणि थॉमस ओग्विन यांनी २००१ साली फोर्ड ब्राँको, साब आणि मॅकिंटॉश यांच्या वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा समूहांत आपलेपणा असतो, रीतिरिवाज असतात, नवख्याला मदत करण्याची जबाबदारी मानली जाते आणि प्रतिस्पर्धी कंपनीला नाके मुरडणे हा ओळखीचाच भाग होतो.

तक्रारीचे पुरावे

२००० नंतर वादाचा रोख बदलला. कोणते यंत्र सरस, यापेक्षा कंपनी गिऱ्हाइकाशी कशी वागते, हा प्रश्न पुढे आला आणि मतांच्या जोडीला मोजमापे येऊ लागली.

२००३ साली केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या भावांनी न्यूयॉर्कमध्ये एक छोटी फिल्म केली. त्यांच्या आयपॉडची बॅटरी दीड वर्षात संपली होती आणि ती बदलून मिळत नव्हती. भिंतींवरच्या आयपॉडच्या रंगीत जाहिरातींवर ते कापलेल्या पुठ्ठ्यावरून रंग फवारून तसा इशारा छापत जातात, एवढीच तिची गोष्ट. यूट्यूब तेव्हा नव्हते, तरी ती इंटरनेटवर लाखोंनी पाहिली. ॲपलने ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची योजना त्याच सुमारास जाहीर केली. २००५ साली पत्रकार जेफ जार्विस यांनी डेलच्या दुरुस्ती-सेवेविषयीचा वैताग आपल्या ब्लॉगवर मांडला आणि तसेच अनुभव आलेल्यांची तिथे रीघ लागली. डेलने २००७ साली लोकांच्या सूचना घेणारे संकेतस्थळ उघडले. तिथली जोरदार मागणी लिनक्सची होती. त्याच वर्षी मे महिन्यात डेलने उबुंटू हे लिनक्स बसवलेले संगणक विकायला काढले. आरडाओरड्यातून वस्तू बदलू शकते, याचा हा ठोस दाखला.

आयफोन २९ जून २००७ रोजी विक्रीला आला. आठ गिगाबाइटच्या फोनची ५९९ डॉलर ही किंमत सप्टेंबरच्या सुरुवातीलाच २०० डॉलरने उतरली. रात्रभर रांगेत उभे राहून फोन घेतलेल्यांचा संताप एवढा होता, की दुसऱ्याच दिवशी जॉब्स यांनी अनावृत पत्र लिहून त्यांना १०० डॉलरची सवलत देऊ केली.

जून २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ ची कड पोलादी पट्टीची होती आणि ती पट्टीच ॲन्टेना होती. पट्टीच्या डाव्या बाजूला खालच्या अंगाला एक बारीक फट होती. फोन डाव्या हातात धरला की तळव्याने ती फट झाकली जाई आणि सिग्नलच्या रेषा घसरत. लोकांनी हे प्रात्यक्षिक चित्रित करून जगभर पसरवले. समर्थकांनी इतर फोनवरही तसेच करून दाखवले. ॲपलने आधी रेषा मोजण्याच्या सूत्रात चूक असल्याचे सांगितले. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या चाचण्या घेणाऱ्या संस्थेने आपल्या प्रयोगशाळेतल्या तपासणीनंतर फोनची शिफारस करायला नकार दिला. १६ जुलैला जॉब्स यांनी पत्रकार परिषद घेतली. फक्त ०.५५ टक्के गिऱ्हाइकांनी ॲन्टेनाबद्दल तक्रार केली, असा आकडा त्यांनी दिला आणि सर्वांना फुकट आवरण देऊ केले. दोन्ही पक्षांनी या दिवशी आपलाच विजय मानला.

२०१७ चा प्रसंग अधिक बोलका आहे. जुने आयफोन मुद्दाम हळू केले जातात, हा संशय अनेक वर्षे फिरत होता आणि समर्थक त्याची टर उडवत होते. डिसेंबर २०१७ मध्ये एका वापरकर्त्याने बॅटरी बदलताच आपला फोन पुन्हा वेगवान झाल्याची नोंद केली. मग वेगचाचणीचा प्रोग्रॅम बनवणारे जॉन पूल यांनी हजारो फोनच्या नोंदींचे आलेख मांडले. वेगाचे आकडे मधल्या पायऱ्यांवर अडकलेले त्यांत स्पष्ट दिसत होते. बॅटरी जीर्ण झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग उतरवला जातो, हे ॲपलने दोनच दिवसांत मान्य केले, महिनाअखेरीस माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला. फ्रान्सने २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला. नवा फोन खपवण्यासाठीच हे केले, हा आरोप ॲपलने अमान्य केला. गिऱ्हाइकाला न सांगता केले, एवढे सिद्ध झाले.

भाडोत्री आवाज

लोकमताला किंमत आली तशी त्याची खरेदीही सुरू झाली. तैवानच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅमसंगला एक कोटी तैवानी डॉलरचा दंड केला. पैसे देऊन माणसे नेमायची आणि सामान्य गिऱ्हाईक असल्याच्या थाटात त्यांच्याकडून एचटीसी या प्रतिस्पर्धी कंपनीची निंदा आणि सॅमसंगची स्तुती लिहवून घ्यायची, असा तो प्रकार होता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्येच, मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने ते उघड करावे, अशी तरतूद केली होती. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक काढले. एवढे होऊनही, प्रतिपक्षाला ‘कंपनीचा पगारी’ म्हणणे हे वादातले नेहमीचे अस्त्र बनून राहिले आहे.

भारतातले वळण

भारतात महागड्या आयात यंत्रांपेक्षा जोडून घेतलेल्या संगणकांचे युग मोठे होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन पीसी जुळवणाऱ्याला एका कंपनीशी एकनिष्ठ राहण्याचे कारण नव्हते. मराठी वापरकर्त्याला कंपनीच्या कुंपणाचा चटका बसला तो देवनागरी अक्षरांत. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट, मॉड्युलरचे श्रीलिपी अशा प्रणालींनी मराठी टंकलेखन शक्य केले. पण बाजारातल्या फाँटांत अक्षरांचे संकेतांक ज्याचे त्याचे निराळे होते. एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसरीकडे उघडला की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी पडद्यावर येई. त्यामुळे ग्राहकाने पाठवलेल्या मजकुराचा फाँट ज्याच्याकडे, काम त्याच्याकडे. सर्वांना सामायिक संकेतांक देणाऱ्या युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही अडवणूक सैल झाली; जुना मजकूर नव्या संकेतांकांत आणण्याचे काम मात्र अनेक प्रकाशकांना करावे लागले.

मोबाइलने वाद सर्वदूर नेला. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने मात्सुशिताने बनवलेल्या ४.६ कोटी ‘बीएल-५सी’ बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात, असा इशारा दिला. भारतात स्फोटांच्या अफवा उठल्या आणि लोक फोन उघडून बॅटरीवरचा क्रमांक तपासत बसले. एप्रिल २०१५ मध्ये वादाने धोरणालाच हात घातला. एअरटेलच्या ‘झिरो’ योजनेत काही ॲप फुकट चालणार होती आणि त्यांचा खर्च ॲपवाल्या कंपन्या उचलणार होत्या. फ्लिपकार्ट त्यात सामील होणार हे कळताच लोकांनी तिच्या ॲपला एक तारा देण्याचा सपाटा लावला. फ्लिपकार्टने काही दिवसांतच माघार घेतली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे दहा लाखांवर ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगळा दर आकारण्यास बंदी घातली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजनाही त्यात अडकली. याच शस्त्राचा आंधळेपणा २०१७ साली दिसला. स्नॅपचॅटच्या प्रमुखांच्या तोंडी घातलेल्या एका वाक्यावरून, जे कंपनीने नाकारले होते, लोक खवळले आणि नावातल्या साधर्म्यामुळे कित्येकांनी स्नॅपडीललाच एक तारा देऊन टाकला.

नियमांचा काळ

आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यावरचा वाद मॅक आणि पीसीच्या वादाचाच वारस आहे आणि त्याची कारणेही तीच आहेत : एकीकडे घेतलेली ॲप दुसरीकडे चालत नाहीत, चार्जर २०२३ पर्यंत वेगळा होता, संदेशांचा रंग वेगळा. अमेरिकेत आयफोनच्या पडद्यावर इतर फोनचे संदेश हिरवे दिसतात, यावरून शाळकरी मुलांत हिणवाहिणवी चालते. अलीकडे यातली काही कुंपणे कायद्याने आणि दबावाने काढली जात आहेत. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनला यूएसबी-सी सक्तीचे केले. ॲपलने त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, २०१२ पासून वापरात असलेली आपली लायटनिंग जोडणी नव्या आयफोनमधून काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोनने आरसीएस ही सामायिक संदेशपद्धती स्वीकारली. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या अटींवरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि त्याच वर्षी ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली.

चार्जरवरचा वाद चार्जर एक झाल्यावर विझला. कॅसेटींवरचा वाद कॅसेटी गेल्यावर विझला. जिथे एकाच्या निवडीचा भार दुसऱ्यावर पडत नाही, तिथे आवडनिवड उरते, पण तट पडत नाहीत. ॲपची दुकाने, दुरुस्तीचे सुटे भाग आणि वापरकर्त्याची साठलेली माहिती यांवरची कुंपणे अजून उभी आहेत आणि आजचे वाद मुख्यतः त्यांच्याभोवतीच चालू आहेत.